कमलताईंची गिरणी आणि आम्ही मदत करणाऱ्या

आमच्या ऑफिसात किस्से ठेवायला वेगळं कपाट नाही, नाहीतर ते पहिल्याच वर्षी भरलं असतं. आमचं काम बायकांना मदत करायचं, त्यामुळे लोकांना वाटतं आमच्याकडे नुसतं रडणं असेल. तेही असतं. पण डोक्यात अडकून बसतात ते प्रसंग वेगळेच. कोण कोणाला मदत करतंय, याचा शेवटपर्यंत पत्ता न लागणारे! मैत्रिणी जमल्या की मी सुरू होते, आणि एकट्या कमलताईंचेच इतके निघतात की बाकीच्यांचा नंबरच लागत नाही.

आधी ओळख करून देते. घोडेगावात आमचं दोन खोल्यांचं महिला मदत केंद्र आहे. प्रमुख सुनंदाताई शिनोलीच्या. वर्षानुवर्षं याच कामात, आणि डोक्यावरचं छत खाली आलं तरी आधी चष्मा शोधतील अशा थंड. नसरीनआपा जुन्नरहून एसटीनं येतात, शिवणवर्ग घेतात. त्यांची जीभ त्यांच्या कात्रीपेक्षा धारेची. आणि तिसरी मी. राजुरीची, एमएसडब्ल्यू झालेली, कुकरची शिट्टी झाली तरी दचकणारी.

* * *

पहिल्याच आठवड्यात हेल्पलाइनचा फोन माझ्या टेबलावर आला. ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं, आवाज शांत ठेवायचा, समोरचीला धीर द्यायचा. फोन वाजला आणि मी अशी दचकले की पाण्याचा ग्लास रजिस्टरवर उपडा!

"ह... हॅलो... महिला मदत..." मी चाचरले.

पलीकडून एक बाई म्हणाली, "ताई, घाबरू नका. मी हाय ना. आदी पानी प्या बरं."

मी प्यायले.

"आता बरं वाटतंय का? कुनी काय बोललं का तुमाला?"

दहा मिनिटं बोलणं झालं. मी भाड्याच्या खोलीत एकटी राहते, मेसची भाजी मला सोसत नाही, रात्री पाल दिसली की झोप लागत नाही, सगळं त्यांना कळलं. फोन ठेवला. सुनंदाताईंनी विचारलं, "कोण होतं? काय अडचण आहे?"

मी म्हटलं, "ते विचारायचंच राहिलं!"

दुसऱ्या दिवशी बाई स्वतःच हजर. तळेघरच्याही पुढच्या वाडीवरून दीड-दोन तास चालत, मग एसटीनं. "काल तुमची तब्येत ठीक नव्हती, म्हनून म्हनलं आपनच जावं."

या कमलताई.

* * *

त्यांची अडचण सरळ होती. नवरा शहरात गेला तो तिकडेच दुसरा संसार थाटून बसला. कमलताई वाडीवर भात आणि नाचणी पिकवतात. मुलगी सारिका बारावी झालेली, हुशार. पण थोरल्या दिरानं तिचं लग्न काढलं होतं.

"अठरा दिवाळीत पुरी व्हत्यात. त्यानं तवाचाच मुहूर्त धरलाय," कमलताई म्हणाल्या. "म्हनतो, तुला कुठं झेपतंय कालेज? तेवढी एक गिरण घरात आली ना, तर समद्या वाडीचं दळान माझ्याकडं येतंय. आता नाचनीचं वझं डोक्यावर घिऊन दुसऱ्या गावाला जावं लागतं बायांना. गिरण आली की मी दिराला सांगनार, झेपतंय मला."

म्हणजे गिरणी आली तर सारिका कॉलेजात, नाही आली तर मांडवात. इतकं स्पष्ट प्रकरण आमच्याकडे क्वचित येतं. पुढे त्याचा इतका गोंधळ कसा झाला, हे मला अजून नीट सांगता येत नाही.

* * *

गिरणी मिळण्याची एक वाट होती. परदेशातली बायकांची एक संस्था आहे. त्यांच्या वेबसाइटवर यादी असते, जगभरातल्या गरजू स्त्रियांना मदत करण्याचे मार्ग. तिकडच्या बायका त्यातला एकेक निवडतात. मी कमलताईंना शेजारी बसवून कॉम्प्युटरवर एकेक चित्र दाखवायला लागले. शेळी. कोंबड्यांची जोडी. सायकल. शिलाई मशीन. कमलताई साडीच्या दुकानात बसल्यासारख्या, "फुडचं दावा."

पुढचं चित्र आलं. 'तिच्यासाठी एक मेणबत्ती लावा.'

"ह्ये काय?"

मी म्हटलं, "म्हणजे तुमच्यासाठी तिकडे कुणीतरी मेणबत्ती लावायची. तुमची आठवण म्हणून."

कमलताई ताडकन उभ्या राहिल्या. "माझी आठवन? अवो, मी जित्ती हाय की!"

मी घाबरून माऊस इतक्या जोरात फिरवला की शेळीच सिलेक्ट झाली. ती शेळी रद्द करायला दोन दिवस आणि तीन ईमेल लागले. नसरीनआपा म्हणाल्या, "राहू द्यायची होती. निदान तिनं दूध तरी दिलं असतं. तू काय देतेस? टेन्शन!"

* * *

यादीच्या शेवटी गिरणी सापडली, मग आला तिचा फॉर्म. सोळा पानी. तिकडून भाषांतर होऊन आलेला. 'हिवाळ्यात घर गरम ठेवण्याचे साधन कोणते?' कमलताई म्हणाल्या, "म्हस."

म्हशीला कॉलमच नव्हता. मी 'इतर'मध्ये टाकलं.

'पिण्याचे पाणी घरापासून किती अंतरावर आहे?'

"कुनी वाटंत भेटलं न्हाई तर जवळच हाय."

'दिवसातून किती वेळा तुम्हाला दुसऱ्यांची मदत घ्यावी लागते?'

कमलताईंनी फॉर्म स्वतःकडे ओढला. मग मलाच विचारलं, "घ्यावी लागती ते लिवायचं, का करावी लागती ते? करायचं लिवलं तर पान पुरायचं न्हाई."

मी सुनंदाताईंकडे पाहिलं. सुनंदाताईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "रिकामं सोड," म्हणाल्या.

* * *

याच दिवसांत एकदा हेल्पलाइनवर पुरुषाचा आवाज आला. पुरुषाचा फोन म्हणजे बहुतेक वेळा धमकी.

"बायकांना मदत करनारं केंद्र ह्येच का?"

"हो. तुम्ही कोण?"

"मी सारीचा चुलता. आमची भावजय तुमच्याकडं येती ना, कमल?"

मी उभी राहिले. पाठ केलेलं कायद्याचं कलम आठवेना. कसंबसं म्हटलं, "हे बघा, मुलीच्या मनाविरुद्ध काही केलंत तर..."

"आवो, आयका तर! पोरीचं लगीन हाय दिवाळीला. तुमी बायकांना मदत करता म्हनं. मग मांडवाचं आन् जेवनाचं तुमीच बघा की राव!"

त्याचा आवाज खोलीभर ऐकू गेला. नसरीनआपांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि सांगितलं, "भाऊ, मांडव नाही मिळत इथं. वकील मिळतो. पाठवू?"

फोन कट.

* * *

फॉर्म गेला, पहिली पायरी पार पडली. आता घराची तपासणी. त्या संस्थेच्या वतीनं पुण्याहून अदिती मॅडम टॅब घेऊन येणार होत्या. मी वाडीवर फोन करून सांगितलं, "परवा मॅडम तुमचं घर बघायला येणार आहेत." बस, एवढंच सांगितलं. माझी चूक झाली ती इथे.

आम्ही पोचलो तर कमलताईंच्या घरात पाय ठेवायला जागा नाही! पोलीस पाटलाचा सोफा. कुणाचा तरी टीव्ही. मांडणीवर चार घरांची नावं घातलेली स्टीलची भांडी. कोपऱ्यात फ्रिज, जो चार गड्यांनी बांधावरून उचलून आणला होता. मॅडमनी कौतुकानं तो उघडला, तर आत घडी घातलेल्या गोधड्या! अंगणात मोटरसायकल. आणि मधोमध कमलताई, सरपंचीणबाईंची साडी आणि सरपंचीणबाईंचीच मोहनमाळ घालून.

मॅडम टॅबवर टाइप करत होत्या. सोफा, एक. फ्रिज, एक. "आणि ती मोटरसायकल कुणाची?"

मी डोळ्यांनी खुणा करत होते. कमलताईंनी पाव्हणचाराच्या आवाजात सांगितलं, "आपलीच समजा!"

मॅडमनी समजली. आठवड्यानं निकाल आला, 'लाभार्थीची आर्थिक स्थिती समाधानकारक. अपात्र.'

मी कमलताईंवर जवळजवळ ओरडलेच. "गरीब आहात हे दाखवायचं होतं ना!"

त्या खरोखर चक्रावल्या. "पावन्यांना रिकाम्या घरात बसवायचं? मंग ते म्हननार न्हाईत का, हिला गावात कुनी इचारत नाय, हिच्याकडं दळायला कोन येनार?"



* * *

सुनंदाताईंनी पुन्हा तपासणीचा अर्ज केला. तो मंजूर झाला, पण एका अटीवर. मॅडमनी तपासणीच्या दिवशीच संध्याकाळी पाचच्या आत बाईचा घरासमोरचा फोटो अपलोड करायचा. नाहीतर गिरणी दुसऱ्या जिल्ह्याला जाणार. आणि वाडीवर दिरानं मुलाकडच्यांना बोलावणं धाडल्याची बातमी होती.

मी वाडीवर फोन केला. भीतीनं माझा आवाज इतका चढला होता की पलीकडे स्पीकरवर सगळी वाडी ऐकत होती म्हणे. "काही म्हणजे काही मांडायचं नाही! ऐकलंत? यावेळी काहीही दिसायला नको! काहीही!"

आम्ही दुपारी पोचलो. तळेघरपासून जीप, पुढे पायी. घर बघून मी जागीच थांबले.

घराला दार नव्हतं! नुसती चौकट. आत चूल, कारण ती मातीची, उचलता येत नाही. बाकी काही नाही. ताट नाही, तांब्या नाही, दोरीवर फडकं नाही. भिंतीतले खिळेसुद्धा उपटलेले.

शेजारच्या ठकूआजी अंगणात बसल्या होत्या, खूश. "बगा ताई, समदं हलावलं. भांडी वरच्या वाडीला, हातरुनं शाळंत, कोंबड्या माझ्याकडं."

"आणि दार?"

"ते सागाचं. लई झ्याक दिसतंय. म्हनून काढलं, धाडलं वरच्या वाडीला."

"बरं, कमलताई कुठे आहेत?"

"तिलाबी धाडली वरच्या वाडीला."

"त्यांना का?"

आजींनी माझ्याकडे कीव येऊन पाहिलं. "अंगानं बरी दिसती ना ती! तुमीच म्हनला व्हता, काईच दिसाया नको!"

अदिती मॅडम थंडपणे म्हणाल्या, "घर आहे, गरज आहे, बाई नाही. बाईशिवाय फॉर्म पुढे जात नाही."

चार वाजून गेले होते. वरची वाडी तासाच्या चढावर. तिथे फोन लागत नाही. मी उंबऱ्यावर बसले आणि चक्क रडायला लागले. सारिका पाणी घेऊन आली, शेजारून मागून. तिच्या हातात कॉलेजच्या फॉर्मचा कागद होता, बहुतेक मला दाखवायला आणलेला. तो तिनं पाठीमागे धरला.

तेवढ्यात आजी ओरडल्या, "ती बगा!"

उतारावरून कमलताई झपाझप येत होत्या. डोक्यावर आडवं दार! एका हातानं धरलेलं, कडी खणखण वाजतेय, पदर कमरेला खोचलेला. घामानं डबडबलेल्या.

"वरून जीप दिसली," त्या दम खात म्हणाल्या. "मंग जीव ऱ्हाईना. दार नसल्याल्या घरात पावन्यांना या तरी कसं म्हनायचं?"

मी तोंड उघडायच्या आत मॅडमनी फोटो काढला. टॅबवर प्रश्न आला, 'छायाचित्रात लाभार्थी काय करीत आहे?' मॅडमनी क्षणभर विचार केला आणि टाइप केलं, 'दार आणत आहे.'

पाचला सात मिनिटं कमी असताना टेकाडावर चढल्यावर इंटरनेटची रेंज आली आणि फोटो गेला.

कॉलेजच्या प्रवेशाचे दिवस संपत आले तेव्हा तिकडची ईमेल आली. मी वाचायला लागले, सुनंदाताई चष्मा शोधायला लागल्या, नसरीनआपांनी मशीन थांबवलं. पहिल्याच ओळीत होतं, गिरणी मंजूर!

दुसरा परिच्छेद मी तीनदा वाचला. तो फोटो त्यांच्या सभेत मोठ्या पडद्यावर दाखवला होता. कित्येक बायकांना रडू आवरलं नाही. आणि आता तिकडच्या एका अख्ख्या गावातल्या बायकांनी ठरवलं होतं की यापुढे शेळ्या नाहीत, सायकली नाहीत, दारं द्यायची! आपल्या भागात किती स्त्रियांना दारांची गरज आहे, ते कृपया लवकर कळवावे.

नसरीनआपा म्हणाल्या, "या अल्लाह."

सुनंदाताई म्हणाल्या, "आधी कमलला फोन लाव."

मी लावला. गिरणीचं सांगितलं.  पलीकडून बारीक आवाज आला, "मंग सारीचं नाव घालू कालेजात?"

"घाला. आजच घाला."

नाक ओढल्याचा आवाज. मग मी चाचरत दारांचं सांगितलं. म्हटलं, "कमलताई, मला काही कळत नाहीये. त्यांना काय लिहू?"

फोनवर हात ठेवल्यासारखा आवाज आला. आत तीन-चार बायकांची चर्चा चालली होती. कुणीतरी मोजत होतं. मग कमलताई परत आल्या, एकदम कामाच्या सुरात.

"ताई, वाडीत घरं चौदा. पन मला येक सांगा, नुसती म्होरली दारं सांगायची, का मागल्या दारांसकट?"