हिमालयाचं नव्हे, सास्तूरचं तेल

शहरातल्या एका दुकानदारानं आमच्या सास्तूर गावात तळपाय चोळून देणाऱ्या मावशींना फसवलं. घरी वापरायला म्हणून त्यांचं ब्राह्मीचं तेल नेलं आणि बाटलीत भरून वर छापलं, 'हिमालयातल्या साधूंचं गुपित'.

मी जनावरांचा व्यापारी. बाजारात भांडून डोकं तापलं की मावशींच्या ओट्यावर जातो. त्या काशाच्या वाटीनं तळपाय चोळतात आणि श्वास संथ होईपर्यंत तोंड उघडू देत नाहीत. "आधी श्वास सोडा, मग शिव्या द्या," म्हणतात. मला गप्प बसवणारं दुसरं माणूस जिल्ह्यात नाही.

शहरातून आणलेली ती बाटली मी त्यांच्यापुढं आपटली. त्यांनी झाकण काढून वास घेतला. "तेल आपलंच हाय. नावानं झोप लागती व्हय? पाय पुढं करा."

पाय पुढं केला, पण माझा राग उतरला नाही. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर छताखाली झोपायला भिणाऱ्या माणसांचे तळपाय याच हातांनी चोळले. माझ्या आईला पहिली शांत झोप याच हातांखाली लागली. तेव्हा हिमालयातून कोण आलं होतं? त्या दुकानदारानं सास्तूरला यावं आणि मावशींसमोर बसून याचं उत्तर द्यावं.