सरिताचे काळे केस

सरिता माझी नणंद. कुडपणच्या पठारावर एकटीच नाचणी पिकवते. वयाची चव्वेचाळीस वर्षं उलटली, तरी डोक्यात एक पांढरा केस नाही. माझे महाडच्या कॉलेजात असतानाच पिकले. वीस वर्षं मी ते रंगवते आहे.

माझ्या मुलीच्या, मानसीच्या बारशाला कानात नाव सांगायचा मान तिचाच. मला सुजाता हवं होतं. माझा नवरा अश्वजित घाटातल्या अपघातात गेल्यावर तर सुट्टी लागली की पोर एसटी धरून आत्याकडे पळायची. मला जळायला तेवढं पुरे होतं.

मग सोळाव्या वर्षी मानसीचं रक्त कमी होऊ लागलं. मुंबईच्या डॉक्टरांनी समजावलं. रक्ताच्या पेशी हाडांतल्या मज्जेत सतत नव्या होतात. दर विभाजनाला गुणसूत्रांची टोकं झिजतात आणि टेलोमरेज नावाचं विकर ती भरून काढतं. मानसीत ते अपुरं, म्हणून मज्जा थकली. आता नात्यातल्या कुणाची तरी मज्जा द्यावी लागणार होती. माझी आणि सरिताची, दोघींचीही अर्धी जुळत होती.

"हा दोष घराण्यातून येतो. ज्याच्यात असेल त्याची मज्जा चालत नाही. कुणाचे केस फार लवकर पिकलेत का?" डॉक्टरांनी विचारलं.

मी नाही म्हणाले. बी.एस्सी. झालेली मी, न कळून नाही म्हणाले असं नव्हे. आई जिवंत असताना पोरीच्या अंगात आत्याचं रक्त का खेळावं?

सरिता शेजारीच होती. बाहेर चहा घेताना हळूच म्हणाली, "वयनी, लग्नात तुझं केस मीच काळं केलं व्हतं गो. डाक्टरला नाय कशाला सांगितलंस?"

"अशक्तपणानं पिकले होते ते."

"आसंल. तेच जाऊन सांग. माझी मज्जा नको म्हनले तर नको."

ती चिडली असती तर मी भांडले असते. तशीच आत गेले आणि सांगितलं. डॉक्टर रागावले नाहीत, आम्हा दोघींना तपासणी लिहून दिली. तीन आठवड्यांनी अहवाल आला. दोष माझ्याकडूनच गेलेला. सरितात काही नव्हतं.

फोन केला तेव्हा तिची नाचणी कापणीला आली होती. भूल देतील, कमरेच्या हाडात सुई घालतील, सगळं मी जरा वाढवूनच सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "किती दिसांची कापडं घेऊ?"

आठ, म्हणाले. फोन ठेवला तरी जळत होतेच. तिच्याकडे पोरीला देण्यासारखं काही होतं.