सम्राज्ञीचा ढोंगीपणा

अमेरिकेतल्या रेडमंडच्या लायब्ररीत आमच्या मराठी गटापुढे एका काकांनी जुन्या रशियन दरबारावर भाषण ठोकलं. तिथल्या एका सम्राज्ञीने कट करून नवऱ्याची गादी बळकावली. मग कागदावर समतेच्या गोष्टी लिहीत राहिली आणि मर्जीतल्या सरदारांना शेतावर राबणारी माणसं गावासकट भेट देत राहिली. "काय हा ढोंगीपणा!" काका गरजले. मीही मूर्खासारख्या टाळ्या पिटल्या.

नंतर चहा घेताना काकांनी माझं आडनाव विचारलं. त्यावरून अंदाज येईना, तेव्हा गाव विचारलं. तरीही जमेना, तेव्हा कुलदैवत.

"काका, सरळ जातच विचारा ना," मी म्हणालो.

काका दुखावले. "छे! आम्ही असलं काही मानत नाही."

सम्राज्ञीसुद्धा अगदी हेच लिहायची.