भंगारातल्या काट्यांचे पत्ते

सोमवार, १२ जानेवारी. आज पत्त्यांची मोजदाद. आमच्या दूध संघाच्या प्रत्येक संकलन केंद्रावरचा वजनकाटा बारामतीच्या कार्यालयाशी जोडलेला आहे, आणि त्यासाठी त्याला नेटवर्कवर एक पत्ता लागतो. ते पत्ते वाटणं, किती उरले ते पाहणं, हे माझं काम. काम आवडतं. सगळं बरं चाललंय. म्हणूनच बहुधा आज हे लिहिते — घरीसुद्धा कधी बोलले नाही.

एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकतात ना? तसे मी काट्यांसाठी पत्ते राखून ठेवायचे. काटा भंगारात गेला तरी रुमाल तिथंच. आणि माझ्या तक्त्यात बसलेली माणसं मोजली जायची, रुमाल नाहीत. तक्ता म्हणायचा, निम्मी गाडी रिकामी. गाडी मात्र — भरलेली.

सणसरचा काटा नवा होता, त्याच्यासाठी पत्ता राखलेला नव्हता; मोकळा असेल तो घ्यायचा. बराच वेळ वीज गेली की त्याचा पत्ता दुसऱ्याला जायचा, मग त्याला मिळायचाच नाही. दूध घेऊन आलेली माणसं खोळंबायची. साहेबांनी विचारलं. मी तक्ता पुढे केला — जागा भरपूर आहे, म्हणजे तिथं वायर कुणीतरी हलवतंय. केंद्रावर एकटी शबाना. तिचं नाव मी घेतलं नाही. घ्यायची गरज होती का?

तिची बदली बावड्याला झाली, तालुक्याच्या पार दुसऱ्या टोकाला. सणसरला केंद्र तिच्या घराला लागून होतं, आणि घरात अंथरुणाला खिळलेली सासू. तिनं मला फोन केला. "मॅडम, वायरीला म्या हात लावला न्हाय. तुमी तरी सांगा." बघते म्हणाले. आणि बघितलंही — त्याच आठवड्यात चूक सापडली. भंगारातल्या काट्यांचे पत्ते मोकळे केले, सणसर सुरळीत झालं, साहेबांनी कौतुक केलं. मी ते घेतलं. याला चार वर्षं झाली. भीती होती? नोकरी जाणार नव्हती. चूक माझी दिसली असती — तेवढंच.

मंगळवार, १३ जानेवारी. सकाळी बावड्याला गेले. केंद्रावर रांग होती. शबानाला सगळं सांगत होते, तर मागून एक आबा म्हणाले, "बाई, आधी दूध तरी घिऊ द्या तिला." तिनं त्यांचं दूध घेतलं. मग माझ्याकडं न बघताच म्हणाली, "म्या हात लावला न्हवता, हे मला म्हाईतच हाय. साहेबांना सांगा."

तिथूनच फोन लावला. रांग ऐकत होती. आवाज कमी केला नाही.