संगीताला न सांगितलेले सात दिवस

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — हाही भित्रेपणाच, नाही का?

घाटकोपरला एका मेडिकलच्या काउंटरवर मी अकरा वर्षं आहे. फार्मासिस्ट सर आत बसतात, मी नुसती औषधं काढून देणारी. पण दुकानात बाई मी एकटीच. म्हणून आसपासच्या बायका माझ्याच बाजूला येऊन उभ्या राहतात, खालच्या आवाजात विचारतात. मला त्याचा केवढा तोरा होता! 'ताईंना विचार' — हे ऐकायला कुणाला आवडत नाही?

संगीता आमच्याच मजल्यावरची. दोन मुली, आणि अंधेरीच्या एका ऑफिसात नुकतीच लागलेली नोकरी, अजून कायम व्हायची होती. डॉक्टरांनी तिला पाळणा लांबवायच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या. पाळी येऊन दहा-बारा दिवस झाले होते.

"ताई, आजपासून घेतली तर कधीपासून चालते गं?"

मला माहीत नव्हतं. सर चार पावलांवर होते. विचारलं असतं तर काय झालं असतं? ताईला ठाऊक नाही, एवढंच तिला कळलं असतं. तेवढंही मला सोसवलं नाही.

"आज घेतलीस की आजपासून. बिनधास्त," मी म्हणाले.

पण हा माझा खरा गुन्हा नाही. तिसऱ्याच दिवशी सर दुसऱ्या एका बाईला त्याच गोळीबद्दल समजावत होते — पाळीच्या पहिल्या पाच दिवसांत सुरू केली तर लगेच लागू. नंतर केली तर पहिले सात दिवस फक्त गोळीवर विसंबू नका. मी ऐकलं. नीट ऐकलं. संध्याकाळी संगीताचं दार वाजवायचं, एक वाक्य बोलायचं — बस. मी तिच्या दारावरून घरी गेले. तिचे सात दिवस संपेपर्यंत, रोज.

दीड महिन्याने ती रिकामं पाकीट घेऊन आली. "बघ ना, एक पण चुकली नाही. मग दिवस कसे गेले?"

"वेळ चुकली असेल तुझी," मी म्हणाले. हे बोलताना मी तिच्याकडे पाहिलंही नाही. तिने पाकीट उलटसुलट करून पाहिलं. मग आपणच म्हणाली, "हां... एकदा रात्री विसरले होते ना, सकाळी घेतली." माझ्या खोट्याला पुरावाही तिनेच शोधून दिला.

नवऱ्याने तेच धरलं — साधी गोळी वेळेवर घेता येत नाही हिला. घरच्यांनी पाडू दिलं नाही. नोकरी गेली ती गेलीच. मला लाज वाटते. वाटून काय उपयोग?

परवा ती नुकतं लग्न झालेल्या नणंदेला त्याच गोळ्यांसाठी घेऊन आली. तिला म्हणाली, "ताई सांगेल तसं कर. आणि वेळेवर घे गं, माझ्यासारखी वेंधळी होऊ नकोस."

संगीता रिक्षा थांबवायला बाहेर जाईपर्यंत मी बिल करत राहिले. मग नणंदेला गोळीचं सगळं नीट सांगितलं, सात दिवसांसकट.