गळ्यातली कात्री

आज माझ्या हातात खडू आहे तो कात्रीवाल्या बाईंमुळे. मराठवाड्यातल्या एका लहान गावातला, घरातला पहिला पदवीधर मी, मुंबईच्या किनाऱ्यावरच्या मढच्या प्राथमिक शाळेत तात्पुरता शिक्षक म्हणून लागलो. समुद्र तेव्हा पहिल्यांदा पाहिला. बाई तिथे मुख्याध्यापिका. गळ्यात मंगळसूत्राशेजारी नाडीला बांधलेली कात्री.

चित्रकलेच्या तासाला त्या मुलांना किनाऱ्यावर नेत. बाटल्यांची झाकणं, चपलांचे तुकडे, वेफर्सची पाकिटं गोळा होत आणि त्यांचे मासे, खेकडे, मुखवटे बनत. कुणी नवा कागद मागितला की म्हणत, "दर्याने परत पाठवलंय ते आधी संपवा."

वार्षिक कार्यक्रमात चौथीतली हर्षाली मासा झाली. किनाऱ्यावर सापडलेल्या फाटक्या जाळ्यात मासा अडकतो, एवढंच नाटक. तालमीत बाईंचा एकच नियम होता, "मासा ओरडत नाही."

समोर तिचा आजा बसला होता. बोटीचा मालक, सगळे त्याला नाखवा म्हणत. जाळ्याची हिरवी गाठ ओळखून तो ताडकन उठला.

"बाय, हे माझं जालं! मीच टाकलेलं दर्यात. पोरांपुढं अब्रू काढतंस? उद्यापासून कोळीवाड्यातलं एक पोर इथं नाय येनार!"

पटावरची बहुतेक मुलं कोळीवाड्यातली. ती गेली तर शाळाच बंद. तेवढ्यात दिसलं, हर्षालीच्या दंडात नायलॉन खरंच रुतत होतं. ती ओठ मिटून पडली होती. मी धावलो, तर बाईंनी माझं मनगट धरलं. त्यांचा तळवा घामाने ओला होता.

"नाखवा, नात तुमची. सोडवा."

तो गुडघ्यांवर बसला. "गप का गं? ओरड ना!"

"मासा ओरडत नाय, आजा."

तो गाठी सोडवू लागला. ओढेल तसा पीळ आणखी आवळत होता. जन्मभर जाळं फक्त विणलेल्या त्या माणसाने शेवटी, वर न बघता, हात पुढे केला.

"बाय, कात्री दे."

दुसऱ्या दिवशी हर्षालीला शाळेत सोडायला तो स्वतः आला. मागोमाग बाकीची मुलंही आली.

माझी मुदत संपली तेव्हा बाईंनी ती कात्री माझ्या गळ्यात घातली. आता मी माझ्याच गावच्या शाळेत शिकवतो. काल त्यांना पत्र टाकलं:

"बाई, इथे समुद्र नाही. ओढा आहे. तो नदीला मिळतो आणि नदी तुमच्या नव्हे, पूर्वेकडच्या समुद्राला. परवा पारावर आमच्या मुलांचं नाटक आहे. ओढ्यात खताची रिकामी पोती टाकणारे सगळे समोर बसतील. माझे वडीलही. मासा झालेल्या मुलीला नियम सांगितलाय. कात्री गळ्यात आहे. मनगट धरायला तुम्ही नाही. माझं मलाच धरावं लागेल."