कृपया हात धुऊन यावे

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही, आणि जिला सांगायलाच हवं होतं तिला तर नाहीच नाही. तशी गोष्ट बारीक आहे. खून नाही, चोरी नाही—एका टेबलाची आहे. तुम्ही म्हणाल, एवढंच? म्हणा. मीही पन्नास वर्षं स्वतःची समजूत तशीच घालत आलो.

सत्तरच्या दशकात मी कराडला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. प्रोजेक्ट म्हणून मी एक टेबल बनवलं. वर सातारा-सांगलीचा रंगवलेला नकाशा, प्रत्येक गावाच्या जागी एक पितळी खिळा, आणि रस्त्यांच्या कडेनं टॉर्चचे बारके बल्ब. एक हात एका गावावर ठेवायचा, दुसरा दुसऱ्या गावावर, की मधला सगळा रस्ता उजळायचा. बटण नाही, कळ नाही—माणूसच तार. सेलवरची इवलीशी वीज एका हातातून शिरायची, दुसऱ्यातून बाहेर पडायची, आणि खालचे ट्रान्झिस्टर ती वाढवायचे. दोघातिघांनी एकदम हात लावला की एकाचा रस्ता दुसऱ्याला दिसायचा. तो घोळ निस्तरण्यात माझी दिवाळीची सुट्टी गेली. शेवटी एक छोटी मोटर बसवली. ती एकेका खिळ्याला आळीपाळीनं वीज द्यायची, पण इतक्या भरभर की प्रत्येकाला वाटावं, टेबल फक्त माझंच ऐकतंय. आज तुम्ही फोनच्या काचेवर दोन बोटांनी फोटो मोठा करता ना? त्याचा हा गावाकडचा चुलत चुलत भाऊ समजा. बढाई मारतोय का? हो, थोडी. टेबल खरंच चांगलं होतं. त्याचं कौतुक आधीच उरकून घेतो, कारण पुढं माझं कौतुक काही व्हायचं नाही.

संक्रांतीला मी गावी गेलो, शिराळ्याजवळ. चाचणीसाठी केलेली दोन खिळ्यांची आणि एका दिव्याची छोटी फळी बरोबर नेली होती—आईला दाखवायला, दुसरं काय? ती शेतातली भांगलण करून आली, हातपाय धुतले, पदराला हात पुसले आणि माझ्यासमोर बसली. मी तिची बोटं दोन खिळ्यांवर ठेवली. दिवा लागला नाही. तिनं दाबून पाहिलं. तरी नाही.

"काय झालं रं?"

"सेल संपलेत," मी म्हणालो.

ती चुलीकडं वळली आणि मी माझी बोटं ठेवली. दिवा लख्ख. दुसऱ्या दिवशी चुलत्यांवर करून पाहिलं. कोरड्या बोटांना लागला नाही, बैलांना पाणी पाजून आले तेव्हा ओल्या बोटांना लागला. कोडं सुटलं. घट्टे पडलेली कातडी जाड आणि कोरडी असते, तिच्यातून एवढीशी वीज शिरतच नाही. आणि मी माझं टेबल तपासलं होतं कुणावर? हॉस्टेलवरच्या मऊ बोटांच्या पोरांवर.

मी प्रोजेक्टच्या सरांना सांगायला हवं होतं. पण टेबल कराडच्या एका प्रदर्शनात मांडायचं होतं आणि ते पंधरा दिवसांवर आलं होतं. ट्रान्झिस्टर वाढवले तर हवेतल्या दमटपणानंही दिवे आपोआप लागले असते, म्हणजे सगळी जुळणी पहिल्यापासून. मी काय केलं? रिपोर्टात लिहिलं—कोणत्याही व्यक्तीच्या स्पर्शाने चालते. अक्षर माझं फार सुंदर होतं.

ते प्रदर्शन शेतीचं होतं. म्हणजे बघा, कुणाचे हात लागणार होते ते. पहिल्या दिवशी सरांनी पुण्याच्या एका कारखान्यातल्या साहेबांना मुद्दाम बोलावलं होतं. टेबल पसंत पडलं तर माझी नोकरी पक्की, असं सर आदल्या दिवशीच बोलले होते. साहेब माझ्याशेजारी उभे. आणि नेमकी तेव्हाच आटपाडीकडची एक बाई पुढं आली. दुष्काळी कामावर खडी फोडायला जाते, असं ती आपणहून सांगत होती. "माजं गाव कुटं हाय, दाव की." मी दाखवलं. तिनं एक हात आटपाडीवर ठेवला, एक कराडवर. आपण आलो ती वाट तिला बघायची होती.

काहीच लागलं नाही. तिनं बोट उचलून पुन्हा ठेवलं. मागचे लोक हसायला लागले. साहेबांनी माझ्याकडं पाहिलं.

मी म्हणालो, "मावशी, हात मळलेत तुमचे. नळावर धुऊन या."

तिनं दोन्ही तळवे उलटेपालटे करून पाहिले. "धुतल्यात की सकाळी," असं हळूच पुटपुटली, पण गेली. ओले हात घेऊन आली. ठेवले. आणि कराडपासून आटपाडीपर्यंत सगळा रस्ता पेटला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती मला म्हणाली, "चुकलं बाबा माजं. मळ असंल." साहेब मान डोलावत होते. खोटं मी बोललो होतो आणि साक्ष माझ्या टेबलानं दिली होती.

तासाभरात मी एक पाटी रंगवली. कृपया हात धुऊन यावे. खाली बादली, तांब्या. आता सांगायला लाज वाटते, पण पाटी सगळ्यांसाठी नव्हती. पांढऱ्या कपड्यांतल्या पाहुण्यांना मी सरळ टेबलाशी नेत होतो. धोतर आणि नऊवारी दिसली की बादलीकडं बोट करत होतो. चार दिवस. एकानंही तक्रार केली नाही. मला पहिलं बक्षीस मिळालं. नोकरीही मिळाली.

पण एवढ्यासाठी मी हे लिहायला बसलेलो नाही. इथवर तर मी मनात अनेकदा आलोय आणि इथूनच परत फिरलोय.

शेवटच्या दिवशी आई आली. एसटीनं, नवं लुगडं नेसून. मी तिला लांबून पाहिलं—ती बादलीपाशी रांगेत उभी होती. मी जाऊन तिला हाताला धरून आणू शकलो असतो. नाही आणलं. तिनं वाकून हात धुतले, नखंसुद्धा घासली, आणि ओलेच हात शिराळ्यावर आणि कराडवर ठेवले. रस्ता पेटला. तिचा चेहरा मी काय वर्णन करू? शेजारच्या बाईला म्हणाली, "माज्या पोरानं केलंय." आणि मग माझ्याजवळ सरकून, दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं म्हणाली, "तवा सेल संपलं नव्हतं म्हण की. माजंच हात मळकं हुतं."

मी म्हणालो, "व्हय."

हेच ते. एवढा एक शब्द. तिनं ते हात माझ्या डोळ्यांदेखत धुतले होते, संक्रांतीलाही आणि आताही. तिला वाटलं, पोरानं मायेपोटी सेलचं नाव पुढं केलं, आपली लाज राखली. माझ्या खोटेपणाला तिनं चांगुलपणा समजून घेतलं आणि मी ते घेऊ दिलं.

पुढं मी घरी रेडिओ घेतला, पंखा घेतला, टीव्ही घेतला. त्यातल्या कशालाही आई हात धुतल्याशिवाय शिवली नाही. मोरीवर जायची, धुवायची, पदराला पुसायची, मग बटण दाबायची. मी ओरडायचो, "ओल्या हातानं बटणाला लागू नकोस, आई, शॉक बसेल." ती म्हणायची, "पुसल्यात की रं." जाईपर्यंत तसंच. बारा वर्षं झाली तिला जाऊन. रोज एक संधी होती मला. हजारो झाल्या की.

परवा माळा आवरताना ती दोन खिळ्यांची फळी सापडली. खिळे हिरवे पडले होते, ते घासले. सेल नवे आणून घातले आणि बोटं ठेवली. दिवा नाही. दाबली. नाही. म्हातारपणी कातडी कोरडी पडते—माझी पडलीय. ओलं फडकं बोटांना लावलं, तर लागला. आणि मग, खरं सांगतो, मला हसू आलं. इतकं मोकळं मी किती वर्षांत हसलो नव्हतो. अजूनही तसंच वाटतंय, मोकळं. वाटावं की नाही, ते मला कळत नाही.

बोटं कोरडी करून मी पुन्हा फळीवर ठेवली तेव्हा बायको चहा घेऊन आली. विझलेल्या दिव्याकडं बघून म्हणाली, "सेल संपले असतील."

"नाही," मी म्हणालो. "सेल चांगले आहेत. हातही स्वच्छ आहेत. फळीच तशी केली होती मी."